निसर्ग-इतिहासाच्या संस्थेत डॉक्टरांचं काय काम होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे आपली बीएनएचएस, पक्ष्यांची आणि जंगलांची संस्था म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. मग तिच्या १८८३ च्या आठ संस्थापकांपैकी चौघांच्या नावापुढे 'डॉक्टर' कसं? आणि ही मंडळी तिथे असल्याचा वैद्यकाला पुढे काही उपयोग झाला का?

मी कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केली, नंतर बरीच वर्षं सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवलं, आणि सोसायटीच्या जर्नलचे जुने अंक हा माझ्या वाचनाचा कायमचा भाग आहे. उपयोग झाला, आणि मोठा झाला, असं माझं मत आहे. पण तो एखाद्या जगप्रसिद्ध शोधाच्या रूपात दिसत नाही. कोणता प्राणी कुठे राहतो, कोणती वनस्पती कशी ओळखायची, कोणत्या जनावराच्या अंगावर कोणता कीटक असतो, अशा नोंदी या लोकांनी चिकाटीने करून ठेवल्या. साथ आली की डॉक्टरांना नेमक्या त्याच लागल्या.

आधी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर आणि निसर्ग-अभ्यासक ही दोन वेगळी माणसं नव्हती. 'रसेल्स व्हायपर' म्हणजे आपली घोणस ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते पॅट्रिक रसेल वैद्य होते. भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिणारे जर्डन सर्जन, माशांवर लिहिणारे फ्रान्सिस डे तेही सर्जन. पुण्याजवळच्या दापोडीला सरकारी बाग होती, तिचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन हेही सर्जनच. त्या बागेत औषधी झाडं लावून त्यांचे अर्क सरकारी औषध भांडाराला पुरवले जात. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कलकत्त्यात १८२३ साली 'मेडिकल अँड फिजिकल सोसायटी' निघाली आणि पुढच्या दशकात मुंबईतही त्याच नावाची संस्था उभी राहिली. ताप, हवामान, भूगर्भ, वनस्पती, सगळे विषय तिथे एकाच टेबलावर येत. कारण साधं होतं. औषधं झाडांपासून होत, त्यामुळे ज्याला झाड ओळखता येत नाही त्याला औषधही नीट देता येत नसे. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं जाई ते याचसाठी.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आठजण जमले. (आज ती वास्तू डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाते. हेही एका डॉक्टरचंच नाव, आणि ते तिथे शोभतं.) त्या आठांत डॉ. मॅकडोनाल्ड, डॉ. मॅकोनाकी, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. बाकीचे चौघे म्हणजे कस्टम आणि मीठ खात्यातले एडवर्ड एटकेन, फुलपाखरं-पतंगांचे अभ्यासक कर्नल स्विन्हो, आणि अँडरसन व जॉन्स्टन. महिन्यातून एकदा भेटायचं, आणलेले नमुने दाखवायचे, निरीक्षणं सांगायची, एवढाच सुरुवातीचा बेत होता.

आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे व्याकरणकार दादोबांचे भाऊ आणि १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करणाऱ्यांतले अग्रणी. सखाराम अर्जुनांचं नाव मात्र आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. १८७९ मध्ये त्यांनी मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची इंग्रजीत प्रसिद्ध केली, तीत ताज्या वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची यादीही होती. सूची म्हटल्यावर कंटाळवाणी वाटेल, पण काष्ठौषधींच्या दुकानात उभं राहिलेल्या माणसाला तिची किंमत कळते. रास्ना मागावी तर प्रांतोप्रांती वेगळ्याच वनस्पतीचं मूळ हातात पडतं. रोगी बरा झाला नाही तर दोष औषधाचा की दुकानदाराने दिलेल्या भलत्याच मुळाचा, हे ठरवायला आधी ते मूळ कशाचं हे ठरावं लागतं. सखाराम अर्जुन १८८५ मध्येच वारले, सोसायटीला त्यांची जेमतेम दोन वर्षं मिळाली.

रखमाबाई त्यांची सावत्र मुलगी. बालपणी लावून दिलेल्या लग्नात नांदायला जायचं नाकारणारी, आणि त्यासाठी कोर्टात उभी राहिलेली हीच ती रखमाबाई. सोसायटीशी त्यांचा धागा आणखी एका बाजूने जुळतो. १८८४ च्या जानेवारीत सोसायटीला फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या कचेरीत जागा देणारे आणि पुढे वीस वर्षं चिटणीसपद सांभाळणारे हर्बर्ट फिप्सन हे मद्याचे व्यापारी. त्यांनी १८८९ मध्ये डॉ. एडिथ पेची यांच्याशी लग्न केलं. एडिनबरा विद्यापीठात वैद्यकासाठी झगडलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक, आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. रखमाबाईंना इंग्लंडला डॉक्टरकी शिकायला पाठवणाऱ्यांत पेचीबाई पुढे होत्या. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोट इथे दवाखाने सांभाळले. मुंबईतलं हे वर्तुळ लहान होतं. त्यात सुधारणा, वैद्यक आणि निसर्ग-अभ्यास यांची माणसं एकमेकांच्या घरी जात-येत होती.

जर्नल १८८६ च्या जानेवारीत सुरू झालं आणि खरं काम तिथून पुढे झालं. त्यात मोठे लेख असत तशाच बागायतदार, वनाधिकारी, इंजिनिअर, कलेक्टर यांनी पाठवलेल्या चार-चार ओळींच्या टिपणीही असत. मला त्या टिपणी जास्त मोलाच्या वाटतात. ठाणे-मुंबई भागातले डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी, यांनी मुंबईच्या विषारी वनस्पतींवर सचित्र लेखमाला याच जर्नलमध्ये लिहिली. पुढे डॉ. बी. डी. बसू यांच्या सोबतीने त्यांनी केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ १९१७ मधल्या त्यांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये बाहेर पडला आणि आजही आयुर्वेदाच्या महाविद्यालयांत उघडला जातो.

संस्थापकांपैकी एटकेन डॉक्टर नव्हते, तरी वैद्यकाला त्यांचा उपयोग झाला तो पाहण्यासारखा आहे. १९०२ च्या सुमारास सरकारने त्यांना गोव्याच्या सरहद्दीवरच्या जकात नाक्यांवर पाठवलं. तिथले शिपाई हिवतापाने सारखे आजारी पडत. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दाखवून फार काळ लोटला नव्हता. कोणते डास, ते कुठल्या पाण्यात वाढतात आणि शिपायांची वस्ती त्यांच्यापासून कुठे हलवायची, हा प्रश्न औषध देणाऱ्यापेक्षा किडे पाहणाऱ्याचा होता. त्या शोधात एटकेन यांना ॲनॉफेलिस डासाची एक नवी जात मिळाली आणि १९०३ मध्ये तिला त्यांचंच नाव मिळालं, ॲनॉफेलिस एटकेनी. घाटातल्या जंगलात सावलीतले झरे-ओहोळ असतात तिथे ती आढळते. ती हिवताप पसरवणारी मोठी गुन्हेगार नव्हे, पण कोणती जात निर्दोष आहे हे ठाऊक असणंही तितकंच महत्त्वाचं. नाहीतर माणूस दिसेल त्या पाण्यावर तेल ओतत बसतो.

आता प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी पहिले रुग्ण ओळखले. पुढची काही वर्षं सरकारने काय काय केलं ते आपल्याकडे घराघरांत सांगितलं गेलं आहे : घरांची कौलं काढली, सामान जाळलं, भिंतींना चुना दिला, माणसं छावणीत नेली. पुण्यात त्यातून १८९७ मध्ये रँडचा खून झाला. ही सारी सक्ती ज्या समजुतीवर उभी होती ती अशी, की रोग घाणीत, जमिनीत आणि माणसाच्या स्पर्शात आहे. फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू प्लेग नेते असं दाखवलं होतं, पण भारतातल्या पहिल्या प्लेग कमिशनने ते मानलं नाही. एक आक्षेप असा होता, की युरोपात उंदरावर सापडणारी पिसू माणसाला सहसा चावतच नाही.

इथे ग्लेन लिस्टन येतात. तेही इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, परळच्या प्रयोगशाळेत काम करणारे, आणि ॲनॉफेलिस डासांवर जेम्स यांच्याबरोबर पुस्तक लिहिलेले. म्हणजे कीटकाची जात ओळखल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही ही सवय त्यांना आधीच लागलेली होती. त्यांनी प्रश्न साधा ठेवला : मुंबईत कोणत्या जनावराच्या अंगावर कोणती पिसू आहे? उत्तर मिळालं की मुंबईच्या उंदरावरची पिसू युरोपातली नाहीच. इजिप्त-सुदान भागात सापडलेली आणि पिसवांचे अभ्यासक रॉथशिल्ड यांनी १९०३ मध्ये नाव दिलेली 'किओपिस' जात इथे आहे, आणि ती उपाशी असली की माणसालाही चावते. जुना आक्षेप तिथेच संपला.

मग दोन प्रसंग त्यांच्या हाती लागले. मुंबईच्या प्राणिबागेतले गिनीपिग प्लेगने मेले. एरवी या प्राण्यांवर पिसवा फारशा नसतात, पण मेलेल्या गिनीपिगांवर उंदरांच्या पिसवा सापडल्या. दुसरा प्रसंग एका चाळीतला. तिथे आधी उंदीर मेले, मग रहिवाशांना पिसवांचा भयंकर त्रास सुरू झाला, मग माणसं आजारी पडली. रहिवाशांच्या अंगावरून गोळा केलेल्या पिसवांत उंदराच्या पिसवा मोठ्या संख्येने निघाल्या, आणि एरवी माणसाच्या अंगावर त्या क्वचितच मिळत. यजमान उंदीर मेला, थंड पडला, पिसवा उतरल्या आणि जवळ जो गरम देह होता त्यावर चढल्या, हा क्रम त्यातून उलगडला.

हे सगळं लिस्टननी 'प्लेग, उंदीर आणि पिसवा' या विषयावरच्या निबंधात मांडलं आणि तो १९०५ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापून आला. डॉक्टरांसमोर मांडण्याइतकंच ते प्राणी ओळखणाऱ्यांसमोर मांडणं गरजेचं होतं, असं मला वाटतं. पिसवांच्या जाती वेगळ्या आहेत, घरउंदीर वेगळा आणि गटारातला मोठा उंदीर वेगळा, या गोष्टींवर शंका घेण्याइतकं ज्ञान त्याच सभासदांकडे होतं. त्याच वर्षी कामाला लागलेल्या नव्या प्लेग कमिशनने परळला केलेले प्रयोग तर विद्यार्थ्यांना आजही सांगावेत असे आहेत. प्लेगच्या खोलीत गिनीपिगचा पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर ठेवला तर तो प्राणी मरे, दोन फुटांवर टांगला तर वाचे. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाची रुंद पट्टी पसरली तरी वाचे, कारण पिसू उडी मारते ती तेवढीच. हवा तीच, खोली तीच, स्पर्श नाही. मुंबईत साथ आधी गटारातल्या उंदरांत, काही दिवसांनी घरउंदरांत आणि आणखी दहा-चौदा दिवसांनी माणसांत येते हेही त्यांनी मोजून दाखवलं. कौलं काढून आणि माणसं हाकलून जे साधलं नव्हतं ते कशामुळे साधलं नाही, याचं उत्तर त्यात होतं.

माझ्या स्वतःच्या नोकरीत ज्या कामाचा सर्वांत जास्त उपयोग झाला ते मात्र सापांचं. फ्रँक वॉल हेही सैन्यातले डॉक्टर. त्यांनी सामान्य भारतीय सापांवरची रंगीत चित्रांची लेखमाला १९०५ पासून जवळपास दीड दशक या जर्नलमध्ये चालवली, आणि जमिनीवरचे विषारी साप कसे ओळखायचे यावरचं त्यांचं छोटं पुस्तक सोसायटीने छापलं. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत सापाच्या खवल्यांची जी कोष्टकं तुम्ही पाठ केली असतील ती याच परंपरेतली.

कोकणात पूर्वी दंश झालेल्या माणसाबरोबर नातेवाईक मारलेला सापही पिशवीत घालून आणत. काळसर, पांढरे आडवे पट्टे, बोटाएवढा जाड : मण्यार की कवड्या? एक अतिशय विषारी, दुसरा बिनविषारी, आणि घाबरलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. साप चिमट्याने टेबलावर आडवा करायचा आणि पाठीच्या मधोमध बघायचं. मण्यारीच्या कण्यावरून मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक ओळ जाते, शेजारच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठी. खालच्या ओठाचा चौथा खवला सर्वांत मोठा असतो. कवड्याला कण्यावर अशी ओळ नसते, आणि त्याचे पट्टे मानेपाशी ठळक होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे नेमके उलट. नागाला वरच्या ओठाचा तिसरा खवला डोळ्यालाही भिडतो आणि नाकपुडीच्या खवल्यालाही. भिंगातून पाहायला मिनिट लागत नाही. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, सूज नाही, वेदना नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात. अशा वेळी कण्यावरची ती ओळ दिसली की रुग्णाला घरी सोडण्याचा प्रश्नच उरत नाही. (आता साप मारून आणू नका. त्यात दुसरा दंश होतो आणि वेळ जातो. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही प्रमुख विषारी सापांवर चालतं आणि उपचार लक्षणांवरून होतात. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर तसेच निघा.)

यानंतरची मोठी गाठ १९५७ मध्ये पडली. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत रक्तस्रावाचा ताप आला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (एनआयव्ही), विषाणू वेगळा केला. तो रशियातल्या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या जवळचा निघाला. मग प्रश्न आला : हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तो आणला असेल का? हे तपासायला पक्षी जाळ्यात पकडून, अंगावरच्या गोचिड्या काढून, पायात कडी घालून सोडणारी माणसं हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसने ते काम उचललं. पक्ष्यांनी रोग आणल्याचा ठोस पुरावा निघाला नाही. पण त्या कड्यांमुळे भारतात येणारे पक्षी कुठून येतात याची पहिली मोठी माहिती जमली. पुढे याच कामाला अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधनाचा पैसा आला, १९७४ मध्ये त्यावर वादळ उठलं आणि संसदेच्या लोकलेखा समितीनेही त्यात लक्ष घातलं. पैसा कुणाचा हे विचारणं योग्यच होतं. कड्या घालण्याचं शास्त्र मात्र त्यामुळे खोटं ठरत नाही. हा रोग दूरचा वाटत असेल तर सांगतो : २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्ग भागात दिसला. तिथे काजूच्या हंगामात बागेत जाणारा प्रत्येकजण 'माकडताप' ओळखतो.

शेवटची गोष्ट उलट्या दिशेची आहे, इथे अपाय वैद्यकाकडून झाला. १९९० च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरला बीएनएचएसच्या विभू प्रकाश यांना गिधाडं झपाट्याने कमी होताना दिसली. त्यांच्याकडे त्याच जागेचे जुने आकडे होते म्हणून घट नजरेत आली. मेलेल्या गिधाडांच्या पोटात काळीज-मूत्रपिंडांवर युरिक ॲसिडचा खडूसारखा पांढरा थर असे. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून जाहीर झालं : डायक्लोफिनॅक. आपण पाठदुखीला रोज लिहून देतो तेच. दुखणाऱ्या जनावराला ते टोचलं, जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. हा आकडाही बीएनएचएसच्याच जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन एका मात्रेच्या लहान कुपीतच विकायचा नियम आला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक जनावरांसाठी बंद झाली. गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. बंदी खरोखर पाळली जाते का हे बघायला अभ्यासक गावोगावच्या औषध दुकानांत जातात आणि आजारी गाईसाठी वेदनाशामक मागतात. दुकानदार कोणती कुपी पुढे करतो, याची नोंद घेऊन परत येतात.